"जंगलात झालं ना, मग फॉरेस्टला जा" – आमच्या झिरो एफआयआरची गोष्ट (माझा अनुभव)

लई दिवसांपासून लिहायचं होतं, पण ते ठाणं डोळ्यापुढं आलं की डोकं फिरायचं म्हणून टाळत होते. नाव घेणार नाही, ना ठाण्याचं ना जंगलाचं, कारण केस अजून चालू आहे आणि त्याच भागात आम्हाला पुन्हा जायचंय. एवढंच समजा की बालाघाटचा डोंगर, दोन तालुक्यांची शीव एका नाल्यातून गेलेली, आणि आम्ही लातूरकडच्या दोघी बाया. मी कॉलेजात बॉटनी शिकवते, नणंदेला पाखरांचा नाद. पावसाळा सरायला लागला की रानफुलं बघायला आम्ही निघतोच, आमचे हे आता विचारतही नाहीत.

मराठवाड्यात जंगल आहेच कुठं म्हणणारे खूप भेटतात. आहे की. गौताळा आहे, येडशीचं रामलिंग आहे, किनवट-माहूरकडं सागाचं रान आहे, नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. पण तुकड्या-तुकड्यानं आहे, शिवाराला चिकटून आहे, आणि म्हणून मला तिथं बिबट्यापेक्षा माणसाची भीती जास्त वाटते. चंदन कापणारे, सागवानवाले, वाघूर (जाळं) लावून ससे-डुकरं धरणारे, हातभट्टीवाले, आणि नुसतंच प्यायला बसलेलं टोळकं. यातलं शेवटचं सगळ्यात बेकार, कारण चोराला निघून जायची घाई असते, पिणाऱ्याला नसते.

तर झालं असं की नाल्याच्या काठानं वर जाताना मला चंदनाचं ताजं खोड दिसलं. करवतीनं कापलेलं, कारण कुऱ्हाडीचा आवाज लांब जातो. बाजूला पांढऱ्या लाकडाच्या ढलप्या पडलेल्या. वास सगळा आतल्या गाभ्याला असतो, वरचं पांढरं लाकूड बिनवासाचं, ते जागेवरच ताशून टाकतात आणि गाभा तेवढा नेतात. मी एक ढलपी उचलून नाकाला लावली, काहीच वास नाही, आणि खोडाच्या मधोमध बोट घासलं तर बोटाला घमघमाट. फोटो काढायलेच होते तर मागून आवाज आला, "काय काढायलात बाई?" तिघं होते. एकाच्या खांद्यावर बारदाना आणि त्यातून करवतीची मूठ बाहेर आलेली.

पहिला प्रश्न हा, आणि दुसरा "किती जणं आहात?" हा दुसरा प्रश्न ज्यानं विचारला त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत हे आमचं आधीपासून ठरलेलं. नणंदबाईनं मागं वळून जोरात हाक मारली, "ओ गार्डदादा, इकडं या, इकडून वाट आहे!" मागं कुणीच नव्हतं. पण तिघांच्याही माना तिकडं वळल्या. मग एकानं माझा मोबाईल हिसकला, दुसरा म्हणाला गुपचूप जा खाली, नाहीतर इथंच पडताल, आणि ते वरच्या अंगाला झाडीत घुसले. आम्ही पळालो नाही, चालत, पण ताडताड चालत उघड्या माळावर आलो आणि तिथून जो पहिला आखाडा (शेतातलं खोपट) दिसला तिथं. आखाड्यावर म्हातारी होती, दोन कुत्री होती, एवढा जीव कधी भांड्यात पडला नव्हता.

नणंदेचा फोन तिच्या सॅकमधे होता. तिच्या सिमला रेंज नव्हती, स्क्रीनवर फक्त इमर्जन्सी कॉल असं दिसत होतं, पण ११२ लागला. हे खूप जणांना माहीत नसतं, आपल्या कंपनीचा टॉवर नसला आणि दुसऱ्या कुणाचा असला तर ११२ तरी जातो. गाडी आली, आम्हाला बसवलं, पाणी दिलं, चांगली माणसं होती. तो भाग नीट झाला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

खरं जंगल पुढं ठाण्यात लागलं.

ठाणे अंमलदार जेवून आलेले. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "जंगलात झालं ना मॅडम, मग फॉरेस्टला जा." मी म्हणाले साहेब झाड तोडलं ते फॉरेस्टचं, पण मला धमकी दिली आणि मोबाईल हिसकला ते कुणाचं? तर म्हणे तेही त्यांच्याच एरियात झालं. बरं, फॉरेस्टचं ऑफिस काही लांब नव्हतं, गेलो. तिथले वनपाल बिचारे खरं बोलले, लाकडाचा वनगुन्हा आम्ही नोंदवू, १९२७ च्या कायद्यात तेवढा अधिकार आहे, पण मोबाईलचं पोलिसांनाच करावं लागतंय, आम्ही त्याला हातही लावू शकत नाही. परत ठाण्यात. तोपर्यंत अंमलदारांना नवीन मुद्दा सापडलेला, "तो नाला आमच्याकडं येत नाही, नाल्याच्या पलीकडचं शिवार शेजारच्या ठाण्याला आहे." शेजारच्या ठाण्याला फोन लावून दिला, तिकडचे म्हणाले नाला आमचा नाही, नाल्याची अलीकडची बाजू तुमची. म्हणजे चोरानं मोबाईल नाल्याच्या मधोमध पाण्यात उभं राहून हिसकला आणि दोन्ही तालुके कोरडे!

इथं एक गोष्ट लिहून ठेवते. हद्द कुठली हा प्रश्न तक्रारदाराचा नाहीच. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम १७३ मधे सरळ लिहिलंय की दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस कोर्टाला न विचारता सुरू करू शकतात असा) कुठल्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात, शून्य नंबरनं नोंदवतात आणि मग ज्याची हद्द त्याला पाठवतात, मग तिकडं त्याला रेग्युलर नंबर पडतो. ऑनलाईन पाठवली तरी चालते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आमच्या वकील मामांनी फोनवर एवढंच सांगितलं, "आवाज चढवू नको, कलम सांग आणि खुर्ची सोडू नको."

कलम सांगितलं. अंमलदार हसले. म्हणाले ताई, ते सगळं खरं आहे, पण कशाला त्रास करून घेता, गहाळचा अर्ज द्या, मोबाईल हरवला असा, पोर्टलला टाकू, ब्लॉक होईल, सापडला की तुम्हाला फोन येईल, काम खल्लास. आणि हीच खरी गोम आहे. गहाळ लिहिलं की गुन्हा झालाच नाही. धमकी नाही, तिघं नाहीत, करवत नाही, तपास नाही, पुढच्या महिन्यात तिथं कॉलेजच्या पोरी गेल्या तर त्यांना सांगायला कागदावर काहीच नाही. जबरी चोरी लिहिली की ठाण्याच्या डोक्यावर कागदं वाढतात आणि महिन्याच्या मीटिंगला साहेब विचारतात, म्हणून हा सगळा गोडवा. (दरोडा लागायला पाच जण लागतात, आमचे तिघंच, तेवढं तरी अंमलदारांचं नशीब.)

मग मधेच एक जमादार आले आणि विचारलं, "पारध्याचे होते का?" मी म्हणाले साहेब, कपाळावर लिहिलेलं नव्हतं. एकाच्या पायात निळी स्लीपर होती, एकाच्या उजव्या हाताला कडं होतं, बोली आपल्याकडचीच होती, हे लिहा. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून पारध्यांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, १९५२ ला तो पुसला, पण ठाण्यात अजून तोच प्रश्न पहिला येतो. जे बघितलं नाही ते जबाबात टाकू देऊ नका, उद्या कुण्या भलत्याच पोराला उचलतील आणि सही तुमची असेल.

मी शेवटी साध्या कागदावर अर्ज लिहिला, दोन प्रती, आणि म्हणाले नोंद करायची नसेल तर करू नका, एका प्रतीवर पोच द्या, मी कलम १७३ च्या पोटकलम ४ प्रमाणे एसपी साहेबांना पोस्टानं पाठवते आणि तिथंही नाही झालं तर कोर्टात जाते. पोच म्हणल्यावर खोलीतली हवाच बदलली. शिक्का सापडेना. मग सापडला तर पॅड कोरडं. अंमलदारांनी पॅडवर थोडं पाणी शिंपडलं, शिक्का दाबला तर नुसता गोल उमटला, आतलं ठाण्याचं नाव गायब. म्हणे झालं. मी म्हणाले नाव दिसत नाही, पुन्हा मारा. नणंद माझ्या बाजूला बसून शेंगदाण्याचे लाडू खायली होती, तिनं एक अंमलदारांपुढं धरला. त्यांनी घेतला! पण शिक्का काही मारला नाही, म्हणाले मोठे साहेब येऊ द्या.

मोठे साहेब अंधार पडल्यावर आले. अर्ज उभ्याउभ्या वाचला, अंमलदारांकडं बघितलं आणि म्हणाले, "झिरोला घ्या." दोन शब्द. ज्यासाठी आम्ही दुपारपासून भिंतीवरचं कॅलेंडर पाठ केलं ते दोन शब्दांत झालं, मला रडू यायचं बाकी होतं आणि राग तर त्याहून जास्त.

पण तरीही सावध राहा. कॉम्प्युटरवर फिर्याद टाईप करून आली तर त्यात "माझ्या हातातील मोबाईल पडून" अशी सुरुवात. मी सही केली नाही. वाचून दाखवा म्हणाले, ओळ न ओळ, आणि जिथं पडून होतं तिथं "धमकी देऊन हिसकावून" करून घेतलं. महिला पोलीस होत्या टाईपला, त्यांनी मान खाली घालून नीट केलं, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते हेही त्यांनीच हळूच सांगितलं. प्रत घेतल्याशिवाय ठाण्याच्या बाहेर पाय टाकू नका, उद्या येऊन घ्या म्हणतात, उद्या ड्युटीला दुसराच असतो.

पुढं केस शेजारच्या ठाण्यात वर्ग झाली, कारण वनरक्षकानं कंपार्टमेंट नंबर (जंगलाच्या त्या तुकड्याचा वनखात्याचा नंबर) सांगितला आणि त्यावरून शिवार कुठल्या गावचं ते पाच मिनिटांत ठरलं. हे त्या दिवशी एका फोनवर झालं असतं! पंचनाम्याला आम्ही गेलो, खोड जागेवरच होतं, गार्डनं टेप लावून घेर मोजला, मोबाईलची चोरी आणि चंदनाची चोरी एकाच पंचनाम्याच्या दिवशी कागदावर आली, एवढा आनंद मला झाला.

आता आठवतंय तसं सांगते, क्रम लावून नाही. जंगलात शिरण्याआधी गुराखी दिसला तर त्याच्याशी बोला, आज वर कोण गेलंय हे त्याला जेवढं माहीत असतं तेवढं कुणाला नसतं, आणि "आज तिकडं नका जाऊ" एवढं म्हणाला तर का ते विचारत बसू नका. गावच्या पोलीस पाटलाचा आणि बीटच्या वनरक्षकाचा नंबर घरून निघतानाच घ्या, वनविभागाचा टोल फ्री १९२६ आहे तोही सेव्ह करा. लाईव्ह लोकेशनचा रेंज गेल्यावर उपयोग नाही, म्हणून गाडी लावली तिथूनच घरी मेसेज टाका, कुठल्या वाटेनं चाललो आणि किती वाजता खाली येणार, त्या वेळेनंतर फोन नाही आला तर कुणाला फोन करायचा. गाडी नेहमी तोंड रस्त्याकडं करून लावा. नाक्यावर रजिस्टर असेल तर नाव टाका, आळस करू नका. कुणी भेटलं तर हसून रामराम घाला पण थांबू नका, आणि एकटे असलात तरी तोंडात कायम "आम्ही" असू द्या. फोटोवरून कुणी हटकलं तर डिलीट करा, हुज्जत घालू नका. ताजं खोड, लावलेली वाघूर, भट्टीचा पिंप असं काही दिसलं तर तिथं रेंगाळू नका, आल्या वाटेनं परत, खाली आल्यावर फोन करा. आणि रानात पीठ-बिठाचा गोळा पडलेला दिसला तर लाथही मारू नका, डुकरासाठी बारूद भरून ठेवतात.

मोबाईल अजून मिळालेला नाही. एफआयआरच्या प्रतीवर सीईआयआर पोर्टलला (चोरीचे-हरवलेले मोबाईल बंद करायचं सरकारी पोर्टल) ब्लॉक केला, त्याला आयएमईआय नंबर (सिमचा नाही, फोनचा स्वतःचा ओळख नंबर) लागतो आणि ओटीपीसाठी आपल्या त्याच मोबाईल नंबरचं डुप्लिकेट सिम लागतं, म्हणजे आधी सिम, मग पोर्टल. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय निघतो खरा, पण त्याला फोन हातात पाहिजे! माझा डब्यावर होता आणि डबा आमच्या सासूबाईंनी दोरे-सुया ठेवायला घेतलेला, म्हणून वाचले. तुमचा आत्ताच दाबून कुठंतरी लिहून ठेवा, आणि सोबत दोन कोरे कागद आणि आपलं स्वतःचं शाईचं पॅड ठेवा. मी थट्टा करत नाहीये, मी आता सॅकमधे ठेवते.