जाळीचं कपाट: पाडवा ते आखाजी

पाडव्यानंतरचा आठवडा

शिरपूरकडच्या गावच्या घरातून मोठ्या मायचं (आजीचं) जाळीचं कपाट शेवटी धुळ्याला आणलं. साडेचार फूट उंच, सागाची चौकट, दोन जाळीची दारं आणि खाली एक खण. यात दूध, दही, भाकरीची दुरडी असायची. मुंग्या लागू नयेत म्हणून चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत. त्या पाण्यानेच पाय खालून कुजले होते. सुतारकाकांनी दोन-दोन इंच कापून काढलं आणि जुन्याच सागाचे तुकडे खाच पाडून जोडले. आता कपाट डगमगत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या दोघी बहिणी माहेरी येतात, तोवर ते उभं करायचं ठरवलं आहे.

वर ऑइल पेंटचे तीन थर निघाले: हिरवा, त्याखाली निळा, सगळ्यात खाली गेरूसारखा लाल. काकांचं म्हणणं, दिवटीने जाळून काढू, तासाभराचं काम. मी नको म्हटलं. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. हे थर त्याच्या कितीतरी आधीचे, म्हणजे त्यात शिसं असणार असंच धरून चालायचं. जाळलं तर वाफ नाकात जाते, कोरडं घासलं तर धूळ. म्हणून वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासलं, तोंडाला चांगला मास्क लावला आणि भाच्यांना त्या खोलीत येऊ दिलं नाही. निघालेला चिखल ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधला. सहा दिवस लागले. ज्यांच्याकडे जुनी रंगवलेली वस्तू आहे, त्यांनी या पायरीला घाई करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

चैत्र पौर्णिमेच्या आसपास

पांढरा वॉटर प्राइमर लावला आणि सकाळी बघते तर बाजूच्या फळ्यांवर चहा सांडल्यासारखे पिवळट तपकिरी डाग. दुसरा हात दिला, डाग पुन्हा वर. सागातली काही द्रव्यं पाण्यात विरघळतात आणि पाण्याच्या रंगाबरोबर वर चढतात. आणखी दहा हात दिले तरी ती चढतच राहतील. मध्ये पाणी न घेणारा थर हवा, आणि तो थर म्हणजे आपला सुतारांचा चपडा, लाखेपासून केलेला. पाचकंदीलला रंगसामानाच्या दुकानातून 100 ग्रॅम चपडा आणला, अर्धा लिटर स्पिरिटमध्ये भिजवला आणि चार दिवस न हलवता ठेवला. चपड्यातलं मेण तळाशी बसतं. वरचं स्वच्छ द्रावण तेवढं अलगद ओतून घ्यायचं, कारण मेणासकट लावलं तर वरचा पाण्याचा रंग नीट धरत नाही. दोन पातळ हात दिले आणि डाग थांबले. स्पिरिट आहे, तेव्हा गॅस आणि उदबत्ती लांब ठेवा.

रंग घरीच कालवला: एक वाटी इमल्शन, पाव वाटीहून थोडी जास्त खडूची पूड, गरजेपुरतं पाणी. प्लास्टर ऑफ पॅरिसही करून पाहिलं, पण आपल्या उन्हाळ्यात ते डब्यातच आवळतं. बाहेरून पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ताज्या फुलाचा फिका पिवळा आणि खणाच्या आत त्याच फुलाचा दुसऱ्या दिवशीचा गुलाबी. उमललेलं फूल एका दिवसात रंग बदलतं, हे आमच्याकडे शेतावरच्या लहान पोरालाही माहीत असतं. दोन्ही रंग शेजारी-शेजारी बघून मला फार समाधान वाटलं.

मी दाराच्या चौकटीला ब्रश लावणार, तेवढ्यात माय मागे येऊन उभी राहिली. “हाई काय करी ऱ्हायनी व तू?” मग चौकटीवरून हात फिरवत राहिली. जिथे मोठी माय रोज दार धरायची, तिथे सागाला गुळगुळीत खळगा पडलाय. तो रंगाखाली गेला असता. दारं मी रंगवली नाहीत. फक्त चपड्याचे तीन हात दिले, आणि आता तीच माझी सगळ्यात आवडती बाजू आहे.

आखाजीच्या दहा दिवस आधी: डेकुपाज (कागद चिकटवून वर वार्निश)

इथे आपल्या हवेचा खरा प्रश्न येतो. दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना फेविकॉल पसरून कागद उचलेपर्यंत त्यावर साय धरते. कागद अर्धा चिकटतो, अर्धा फुगतो. मी सकाळी साडेपाच ते आठ एवढंच काम केलं.

आतल्या पाठीवर मायच्या वहीतली पानं लावली: बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) प्रमाण, कळण्याच्या पिठाचं माप, भरिताच्या वांग्यांबद्दल समासात लिहिलेलं ‘बामणोदचीच’. मूळ वहीला हात लावला नाही. घरच्या प्रिंटरवरचं पान फेविकॉल लागताच पसरलं, कारण ती शाई पाण्यात विरघळणारी असते. झेरॉक्सची भुकटी पाण्याला दाद देत नाही. झेरॉक्सचं पान आधी दोन्हीकडून ओलं करायचं, दोन मिनिटं ठेवायचं, मग लावायचं. कागद जेवढा पसरायचा तेवढा आधीच पसरतो आणि फुगे येत नाहीत.

बाजूच्या फळ्यांवर केळीच्या पानांचे पेपर नॅपकिन लावले. नॅपकिनचा छापील वरचा पदर तेवढा सोलून घ्यायचा. ओल्या फेविकॉलवर तो फाटत होता, म्हणून उन्हालाच कामाला लावलं. फळीवर फेविकॉलचे दोन पातळ हात देऊन पूर्ण वाळू दिले, वर नॅपकिन, वर बटर पेपर आणि मध्यम गरम इस्त्री, वाफ न सोडता. फेविकॉल उष्णतेने मऊ होऊन कागद धरतो. एकही सुरकुती नाही! झेरॉक्सवर मात्र इस्त्री फिरवू नका, भुकटी वितळून बटर पेपरला चिकटते.

अठराव्या शतकात व्हेनिसचे कारागीर छापील चित्रं कापून फर्निचरवर चिकटवत आणि कागदाची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत वार्निश चढवत. पूर्वेकडच्या महागड्या लाखकामाची ती स्वस्तातली नक्कल. बोटाची तीच कसोटी मी वापरली. नॅपकिनला चार हात पुरले, झेरॉक्सला सात लागले. वार्निश पाण्याचं घेतलं, कारण तेलाचं पुढे पिवळं पडतं. तिसऱ्या हातानंतरच 400 नंबरचा पेपर हलकेच फिरवला, त्याआधी फिरवला तर अक्षरं खरवडतात. एका रात्री कूलर चालू राहिला आणि सकाळपर्यंत वार्निश चिकटच होतं. कूलरची ओल खोलीत भरते. बंद करून दारं उघडली, तेव्हा दुपारपर्यंत वाळलं.

आखाजी

कपाट बैठकीत उभं आहे. जाळी जुनीच ठेवली, तारेच्या ब्रशने गंज काढून. खणाची मूठ अजून मनासारखी मिळाली नाही. जुन्या बाजारात पितळी मिळते का बघते आहे. धाकटी झोक्यावरून उतरून आली ती थेट कपाटासमोर बसली आणि बिबड्यांचं प्रमाण मोठ्याने वाचू लागली. माय आतून म्हणाली, मीठ चुकीचं लिहिलंय.

वार्निश पुरतं कडक व्हायला अजून तीन आठवडे तरी जातील, तोवर आत काही ठेवणार नाही. बिबड्यांचा डबा सध्या माळ्यावरच आहे.