राज्य माझ्यावर आलंच नाही

रविवार, रात्री उशिरा

खेळातून मला कुणी काढलं नाही. उलट हाताला धरून पाण्यात उतरवलं, भिंतीजवळची जागा दिली, नीलाताई तर सारखी ‘बरी आहेस ना?’ विचारत होती. तरी घरी आल्यापासून काहीतरी खुपतंय. आधी वाटलं, दमले असेन. मग वाटलं, त्या बंदिस्त पोहण्याच्या तलावातला गोंगाट अजून कानात घुमतोय. पण ते नाही. पकडापकडीत राज्य एकदाही माझ्यावर आलं नाही, ते खुपतंय.

आलं नाही म्हणजे येऊ दिलं नाही. ओजसवर राज्य होतं. मी कोपऱ्यात, पाठीशी भिंत, निसटायला वाव नाही. त्याचा हात माझ्या खांद्यापासून वीतभर अंतरापर्यंत आला. पाण्यात राहून सुरकुतलेली बोटं, नखांवरून ओघळणारे थेंब, सगळं मला स्पष्ट दिसलं. मग तो हात मागे गेला आणि ओजस वळून ईशानच्या मागे लागला. ईशान केवढा लांब होता!

लहानपणी धाकट्या भावंडांना आपण लिंबूटिंबू करून खेळात घ्यायचो. ती बाद व्हायची नाहीत, त्यांच्यावर राज्य यायचं नाही, आणि त्यांना ते कळायचंही नाही. मला कळलं. त्यानंतर मी पळत होते, ओरडत होते, हसतही होते, पण कुणी मागे लागणारच नसेल तर पळायचं कशासाठी?

माझ्या अधू गुडघ्याचं सगळ्यांना माहीत आहे. पण पाण्यात तो गुडघा तसा उरत नाही, हे कुणाला कसं सांगू? कमरेएवढ्या पाण्यात पायांवर शरीराचा निम्माच भार येतो, छातीएवढ्या पाण्यात तर साधारण तिसरा हिस्सा. शिवाय पाणी वेगवान माणसालाच जास्त अडवतं. वेग दुप्पट करायला जावं तर विरोध चौपट होतो. जमिनीवर ओजस मला चार ढांगांत गाठेल. छातीभर पाण्यात त्याचं आणि माझं अंतर खूपच कमी होतं. ज्या एका जागी मी बरोबरीनं खेळू शकते तिथेच मला सूट मिळाली. नको होती.

मघापासून आजचा एकेक खेळ आठवून बघतेय, कुठे मी खरी खेळले आणि कुठे नुसती उभी होते.

भोवऱ्यात खरी होते. तो माझा सगळ्यात आवडता खेळ. सगळ्यांनी भिंतीच्या कडेकडेनं एकाच दिशेला चालत राहायचं. सुरुवातीला काही वाटत नाही, पण थोड्या वेळानं सगळं पाणीच फिरायला लागतं आणि पाय उचलले की आपोआप पुढे नेतं. मग कुणीतरी ओरडतं, ‘उलटे फिरा!’ आणि आपणच फिरवलेलं पाणी आपल्याला छातीवर ढकलतं. तिथे कुणाला वगळताच येत नाही. माझ्या चालण्यानंही ते पाणी फिरत होतं. उलटं फिरताना अप्पा जोरात मागे रेटले गेले तेव्हा त्यांचा दंड मीच धरला होता.

तळातल्या रिंगा गोळा करतानाही बरी होते. उथळ बाजूला पायाच्या बोटांनी रिंग उचलून हातात घ्यायची, बुडी मारायची गरज नाही. फळी धरून पोहण्याची रिले मात्र नको वाटली. आपला गट आपल्यामुळे मागे पडतोय हे पाण्यातही तितकंच लागतं. मोठ्या हलक्या चेंडूचा व्हॉलीबॉल चांगला चालला. पण तिथेही नीलाताई माझ्या वाटचे चेंडू पुढे येऊन घेत होती. ते जाऊ दे.

बायकांनाही असंच किती काळ काठावर ठेवलं होतं. पुरुषांचा वॉटर पोलो १९०० मध्ये ऑलिंपिकमध्ये आला, बायकांचा २००० मध्ये. शंभर वर्षं! सात-सात जणांचा, तळाला पाय न टेकता खेळायचा दमछाक करणारा खेळ. ‘त्यांना झेपणार नाही’ असं किती मायेनं सांगितलं गेलं असेल.

एका बाबतीत मी आज ठाम होते आणि त्याचं मला समाधान आहे. श्वास रोखून जास्त वेळ पाण्याखाली कोण राहतं, ही पैज मी आणि जीवरक्षक दादांनी मिळून बंद पाडली. पोरं भराभर श्वास घेऊन बुडी मारायच्या तयारीत होती. तसं केलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावासा वाटायचा इशाराच वेळेवर मिळत नाही आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो. वरून बघणाऱ्याला तो खेळतोय असंच वाटतं. ईशान फुरंगटला. फुरंगटू दे.

आता हे लिहिताना जाणवतंय, त्याला मी थांबवलं आणि ओजसनं मला सोडलं, दोन्हीकडे काळजीच होती. ओजसला घरी कुणीतरी बजावलं असणार, मावशीला धक्का लावू नकोस म्हणून. खेळाच्या भरात, राज्य अंगावर असताना, एवढ्या पोरानं ते लक्षात ठेवलं. हात पुढे आलेला असताना मागे घेणं सोपं नाही. मघाशी त्याच्यावर आलेला राग आता शोधूनही सापडत नाही. चांगलं पोर आहे. फक्त यापुढे त्यानं मला पकडायला हवं.

म्हणून पुढच्या वेळी पाण्यातली आंधळी कोशिंबीर. मार्को पोलो म्हणून जी खेळतात तीच: राज्य असलेल्यानं डोळे मिटून ‘मार्को’ म्हणायचं, बाकीच्यांनी ‘पोलो’ म्हणून ओ द्यायची आणि आवाजाच्या रोखानं तो पकडत सुटतो. मिटल्या डोळ्यांना कुणाचा गुडघा दिसत नाही. शिवाय बंद तलावात फरशा, भिंती, छत सगळीकडून आवाज परततो, त्यामुळे नेमकं कोण कुठे हे चटकन कळत नाही. डोकं पाण्याखाली गेलं तर आणखीच घोळ, कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं जातो आणि दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच पोचतो. दिशा लागतच नाही. तिथे मला वाचवायचं ठरवलं तरी कुणाला जमणार नाही.

दोरीच्या अलीकडे, उथळ भागातच खेळायचं. पाण्याबाहेर पळायचं नाही. कठड्याजवळ कुणी पोचला की बाकीच्यांनी ‘भिंत’ म्हणून ओरडायचं, नाहीतर डोळे मिटलेल्याचं डोकं आपटेल. बारक्यांसाठी एक मोठं माणूस खेळाबाहेर, नुसतं लक्ष ठेवायला, आणि ते माणूस मी नाही. नीलाताई लगेच माझंच नाव सुचवेल, म्हणून हे तिला आधीच फोन करून सांगते. पहिलं राज्य माझ्यावर.