टोपलीला घडीची मूठ करताना

आत्याची धुण्याची टोपली चौकोनी आहे, प्लॅस्टिकची, ४५ सेंमी लांब, ३० रुंद, २५ खोल, आणि धरायला काय तर काठात दोन्ही टोकांना दोन खाचा, बस. ओले कपडे भरले की ती सहज १० किलोला जाते. दोन्ही हात अडकतात, टोपली पोटाशी धरली की समोरची पायरी दिसत नाही, आणि आत्याच्या बोटांचे सांधे सुजतात त्यामुळे त्या खाचेत बोटांची टोकं अडकवून वजन पेलायचं तिला फार जड जातं. एकदा जिन्यात थांबून ती मला म्हणाली, "अगं, ही एका हाताने उचलता आली असती ना, तर दुसऱ्या हाताने कठडा तरी धरला असता." ते वाक्य डोक्यात राहिलं आणि मी त्या टोपलीला मूठ करायला बसले.

पक्की मूठ करणं तसं सोपं होतं, पण अशा तीन टोपल्या आहेत आणि त्या एकात एक ठेवल्या तरच कोपऱ्यात मावतात, म्हणजे मूठ घडी होऊन बाजूला पडायलाच हवी, तोंडावर आडवी येता कामा नये, आतून काही टोचता कामा नये कारण कपडे अडकून फाटतात, आणि स्वस्तात व्हायला हवी. स्वस्त म्हणजे मी काय धरलं ते सांगते. एकाच जाडीची तार (बांधायला लागते ती थोडी बारीक तार सोडून), एकाच प्रकारचा पाइप, आणि अवजारं म्हणजे पक्कड, हातोडी, शिकंजा, कानशी आणि ड्रिल, नटबोल्ट नाही, रिव्हेट नाही, स्प्रिंग नाही. कारण अशा वस्तूत माल थोडासाच लागतो, खर्च वाढतो तो भागांच्या संख्येने, प्रत्येक भाग म्हणजे एक भोक, एक जुळणी आणि पुढे सैल होणारी एक जागा.

पहिलं डिझाइन मी बादलीच्या कडीवरून घेतलं. लांब बाजूंच्या मध्यावर दोन भोकं, त्यात अडकणारी ४ मिमी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेची एकच कडी, दोन पाय प्रत्येकी २४ सेंमी आणि वर ३० सेंमीची सरळ आडवी दांडी. २४ एवढ्यासाठी की मध्यापासून टोकापर्यंत साडेबावीस सेंमी आहे, म्हणजे खाली पाडली की दांडी काठाच्या बाहेरून वळसा घालून पडते आणि तोंड मोकळं राहतं. कागदावर इतकं छान दिसत होतं ते.

१० किलो भरून उचललं आणि डोळ्यांदेखत सरळ दांडी वाकून त्रिकोणी झाली. दुसऱ्यांदा उचलताना तर तारेची दोन्ही टोकं भोकातून सटकली आणि सगळे कपडे जमिनीवर.

दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं आणि ते कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या. कुठलीही कडी मध्यावर धरून वर ओढली की तिची टोकं आत यायला बघतात. मी टोकं आतून बाहेर घातली होती, म्हणजे वजन आलं की ती स्वतःच भोकातून मागे निघणार. तीच टोकं बाहेरून आत घातली असती तर वजनानेच ती आणखी घट्ट बसली असती, आणि कडी मुळातच सेंटिमीटरभर अरुंद करून ताणून बसवली तर मोकळी असतानाही धरून राहते, वेगळी चकती किंवा पिन लागतच नाही. हे तुमच्या कुठल्याही एक कडीच्या टोपलीला लागू आहे, आवर्जून बघा.

वाकण्याचं कारण मात्र जास्त महत्त्वाचं. तार ओढायला घट्ट असते आणि वाकायला मऊ. ४ मिमी तार सरळ ताणात १० किलो काय, त्याच्या कितीतरी पट सहज पेलते, पण त्याच तारेची ३० सेंमीची आडवी दांडी करून मध्ये वजन दिलं तर साध्या लोखंडाला झेपणार नाही एवढा ताण येतो. म्हणून ती स्वतःच त्रिकोण होऊ बघते, कारण त्रिकोणात तिचे दोन्ही पाय नुसते ताणले जातात, वाकावं लागत नाही. जुन्या बादलीची कडी नीट बघा, नवीन असताना अर्धगोल असते आणि वापरून वापरून वर जराशी टोकदार झालेली असते, ते हेच.

मग मी आधीच त्रिकोणी का नाही केली? कारण त्रिकोणी कडी पाडली की तिचे तिरपे पाय टोपलीच्या तोंडावर आडवे येतात, काठाला वळसा घालत नाहीत, आणि वरची टोपली आत बसत नाही. खरी अडचण इथे आहे. उचलताना तारेला जो आकार हवा तो पाडल्यावर चालत नाही आणि पाडल्यावर जो हवा तो उचलताना टिकत नाही. घडीच्या मुठीचं सगळं डिझाइन म्हणजे या दोन आकारांची सोयरीक जमवणं आहे असं मला आता वाटतं, बाकीचं सगळं नंतर.

जाड तार वापरायची हा एक मार्ग आहेच. तारेची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाने वाढते, म्हणजे ४ ची ५ मिमी केली की जवळपास दुप्पट, वजन मात्र दीडपटीच्या थोडं वर, मीटरला साधारण ९९ ग्रॅमच्या जागी १५४. गोल टोपलीला हे पुरतं, कारण तिथे अर्धगोल कडी काठाला बरोब्बर चिकटून पडते आणि कमानीत ताण मुळातच कमी असतो. ३५-३६ सेंमी व्यासाच्या गोल टोपलीला १० किलोसाठी ५ मिमीची अर्धगोल कडी खुशाल करा. चौकोनीला सपाट दांडी ठेवायची तर त्याहून जाड लागते, आणि मग ती घरच्या पक्कडीने वाकत नाही.

दोरी हा दुसरा मार्ग, आणि सगळ्यात स्वस्त तोच. दोरी उचलली की आपोआप त्रिकोण होते आणि सोडली की कुठेही पडते, दोन्ही आकारांचं भांडणच मिटतं. मी आठ दिवस आत्याला दोरीची मूठ दिली होती. तिची तक्रार एकच होती पण खरी होती, दोरी दर वेळी ओल्या कपड्यात जाऊन बसते आणि ती शोधायला बोटं आत घालावी लागतात. शिवाय गाठीजवळ दोरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते, त्यामुळे वजनाच्या हिशोबाने घेतलेली बारीक दोरी चालत नाही. तरी ज्यांच्या बोटांना त्रास नाही त्यांनी आधी दोरी आणि पाइपचा तुकडा एवढंच करून बघावं, मनापासून सांगते.

शेवटी जमलं ते दोन मुठींनी. एका मोठ्या कडीऐवजी दोन्ही लांब काठांवर एक एक छोटी मूठ, दोन्ही वर येऊन मध्यावर एका हातात मिळतात, सोडल्या की दोन्ही बाहेर पडून टोपलीच्या अंगाला लोंबतात. उचलताना पाय ताणात, पडताना तोंड मोकळं. दुकानातल्या हातातल्या टोपल्यांना हेच असतं, इतक्या वेळा हातात धरूनही असं का करतात याचा विचार मी कधी केला नव्हता.

पायांची लांबी किती ठेवायची यात मजा आहे. पाय लांब तितका मुठींमधला कोन अरुंद आणि काठाला आत ओढणारा जोर कमी. पण लांब पाय लोंबताना जमिनीला टेकतात, टोपली तर २५ सेंमीच खोल. म्हणून मी २२ धरले. अर्धी रुंदी १५, म्हणजे मूठ काठापासून साधारण १६ सेंमी वर येते, आणि १० किलोला प्रत्येक काठावर जवळपास पावणेपाच किलोचा आतला ओढा येतो. हा ओढा कमी नाही. नुसत्या प्लॅस्टिकच्या काठाला तो दिला तर काठ आत दबतो आणि भोकाभोवती प्लॅस्टिक पांढरं पडतं. ते पांढरेपण म्हणजे प्लॅस्टिक ताणलं जाऊन कायमचं बिघडायला लागल्याची खूण, भेग तिथूनच जाते. पहिल्या कडीच्या भोकाशी मला नखाएवढी पांढरी चंद्रकोर दिसली होती आणि तेव्हाच ठरवलं की वजन भोकावर टाकायचंच नाही.

बहुतेक प्लॅस्टिकच्या टोपल्यांचा काठ बाहेर वळून खाली आलेला असतो, उलट्या पन्हाळीसारखा. त्या पन्हाळीत मी त्याच ४ मिमी तारेचं चौकोनी कडं बसवलं, पूर्ण घेराचं, १५५ सेंमी तार, टोकं ५ सेंमी एकमेकांवर घेऊन बारीक तारेने आवळली. कडं किंचित मोठं केलं की पन्हाळीला आतून दाबून बसतं, वेगळं अडकवावं लागत नाही. मग काठाच्या वरच्या पट्टीत चार आडव्या फटी, त्यातून मुठीच्या पायांची टोकं खाली जातात आणि कड्याभोवती डोळा, म्हणजे गोल वेढा, करून वळवली जातात. वजन कड्यावर, कडं ते सगळ्या काठावर वाटतं, आणि फट डोळ्याला सरकू देत नाही. कपड्यांच्या बाजूला एकही टोक नाही.

फट कटरने कापू नका. कटरचा कोपरा टोकदार राहतो आणि प्लॅस्टिक तिथूनच फाटतं. ६ मिमीची दोन भोकं शेजारी शेजारी पाडायची आणि मधलं कानशीने काढायचं, टोकं गोल राहतात. आणि डोळे एकमेकांपासून लांब ठेवा, मी २० सेंमीवर ठेवलेत, तिथून पाय तिरपे होत वर १२ सेंमीच्या मुठीला येतात. लांब ठेवल्याने काठ मध्यावर कमी दबतो आणि कपडे एका बाजूला जास्त झाले तरी टोपली पटकन कलंडत नाही, जी एका कडीची मोठी खोड आहे.

वाकवण्याबद्दल थोडं, कारण हातात तार घेतल्यावर तेच नडतं. फळीवर दोन जाड खिळे ठोकून साचा केला. तार ९० अंशात वाकवली की सोडल्यावर ती थोडी परत उलगडते, म्हणून माझ्या तारेला मी ९६ पर्यंत नेत होते, तुमच्या तारेचा आकडा टाकाऊ तुकड्यावर काढा, बंडल बदललं की तोही बदलतो. डोळ्याला ६ मिमीची खिळ्याची कांडी धरून भोवती तार वळवली, म्हणजे ४ मिमीच्या कड्यावर २ मिमी मोकळीक राहते आणि मूठ हाताने न ढकलता स्वतःच्या वजनाने पडते. आणि पाइप आधी ओवायचा, मग दुसरा कोपरा, एकदा दोन्ही कोपरे झाले की पाइप आत जात नाही.

पाइपचा तुकडा वरवर शोभेचा वाटतो पण आत्यासाठी सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला. ४ मिमी तार तळहाताच्या ८ सेंमी रुंदीवर बसली तर १० किलोला चौरस सेंटिमीटरवर ३ किलोच्या आसपास दाब येतो, बोटांवर वळ उठतात. मी दोन्ही मुठींना १६ मिमी जाडीचा पाइप घातला, कारण दोन्ही एकत्र हातात आल्या की ३२ मिमी होतात, आणि ३० ते ४० मिमीची दांडी बहुतेक हातांना सोयीची पडते. एक एक मूठ २५ ची केली असती तर दोन्ही मिळून हातात मावल्या नसत्या. पाइप तारेवर फिरता ठेवलाय, चिकटवला नाही, चालताना टोपली झुलते तेव्हा कातडी घासली जात नाही.

विणलेल्या टोपलीला हे असंच्या असं करू नका. बांबू किंवा वेताच्या टोपलीचा काठ नुसता बांधलेला असतो, त्यावर वजन टाकलं तर काठ निघून हातात येतो. तिथे तारेचा डोळा उभ्या काड्यांच्या जोडीला, काठाच्या दोन-तीन ओळी खाली अडकवायचा, म्हणजे वजन काड्यांमधून बुडापर्यंत जातं.

प्लॅस्टिकचीच पातळ बिजागरी का नाही, असं माझ्या भावाने विचारलं. पॉलिप्रॉपिलिनची ०.३ मिमीसारखी पातळ पट्टी लाखो वेळा दुमडली तरी तुटत नाही हे खरंय, डब्यांच्या झाकणांना तीच असते. पण ती साच्यातून ओतून निघावी लागते, आणि साचा परवडतो तो लाखांनी नग काढणाऱ्याला. तीन टोपल्यांना नाही.

देण्याआधी मी २० किलो टांगून रात्रभर ठेवलं. दुप्पट यासाठी की वजन एकदम उचललं की क्षणभर दुप्पट भार येतो. प्लॅस्टिक हळूहळू सरकतं म्हणून रात्रभर. सकाळी वजन काढल्यावर काठ ४ मिमी आत राहिला होता, संध्याकाळपर्यंत २ वर आला. रोजच्या १० किलोला उचलताना काठ सेंटिमीटरभर आत येतो आणि टोपली खाली ठेवली की परत जातो. दोन्ही मुठी ५०० वेळा उघडमीट केल्या, फटींच्या कडा गुळगुळीत झाल्या, पांढरं कुठे दिसलं नाही. एका टोपलीला मिळून २८५ सेंमी तार, पावणेतीनशे ग्रॅमच्या वर थोडी, आणि पाइपचे दोन तुकडे.

आत्याने पहिल्यांदा उचलली तेव्हा मी मागे उभी होते. तिने एका हाताने दोन्ही मुठी एकत्र धरल्या, दुसरा हात कठड्यावर ठेवला आणि मागे न बघता वर गेली. वरून हाक आली, "उरलेल्या दोन कधी करतेस?" त्यांची तार कापून ठेवलीय, या रविवारी वाकवते.