तुम्ही विचारलंत म्हणून: आकाशाबाहेरचे प्रश्न कुठे विचारायचे?

"ताई, प्रश्न दुर्बिणीचा नाही, लॅपटॉपचा आहे. इथे विचारला तर चालेल का? नाहीतर कुठे विचारू?"

लघुग्रहांची पिधानं, म्हणजे लघुग्रह एखाद्या ताऱ्याला झाकतो ते क्षण, टिपणाऱ्या हौशी निरीक्षकांचा आमचा समूह मी सांभाळायला लागले, तेव्हापासून हा प्रश्न जवळजवळ दर आठवड्याला येतो. कधी लॅपटॉपचा, कधी यूएसबीचा, कधी मेमरी कार्डाचा. पाठोपाठ दुसरा येतो, जरा चिडून विचारलेला: "त्यांना उत्तर दिलंत, मग माझाच प्रश्न का बंद केलात?" प्रत्येकाला वेगळं सांगून मी थकले आहे. एकदा सगळं सलग लिहिते.

आधी बंद का करते ते. आमच्याकडे पिधानाच्या वेळेबद्दल कुणी चुकीचं लिहिलं, तर दहा मिनिटांत चार जण दुरुस्त करतात. मेमरी कार्डाबद्दल चुकीचं लिहिलं तर कुणीच करत नाही, कारण कुणाला ते नीट माहीत नसतं. एकदा एका सभासदाकडून रात्रभराचं चित्रण चुकून डिलीट झालं. आमच्यातल्या एका जुन्या, सगळ्यांना आदर असलेल्या निरीक्षकांनी सल्ला दिला, की कार्ड चालतंय ना हे बघायला आधी दोन-तीन चाचणी चित्रणं करा, मग रिकव्हरीचं बघू. डिलीट केलेली फाइल कार्डावरून लगेच पुसली जात नाही. तिची जागा 'रिकामी' म्हणून नोंदली जाते, एवढंच. त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं की मग ती खरोखर जाते. चाचणी चित्रणांनी नेमकं तेच केलं. संगणकाच्या जाणकारांमध्ये हा प्रश्न गेला असता, तर "कार्ड आधी बाहेर काढा, त्यावर काहीही लिहू नका" असं कुणीतरी पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं. आमच्याकडे सगळ्यांनी मान डोलावली. सांगणाऱ्यांचा मान मोठा होता म्हणून.

म्हणून मी बंद करते. हे कारण मला आजही पटतं.

पण मग त्या मुलाचं काय, हे मला सोडवता आलेलं नाही.

कॉलेजातला मुलगा. समूहात येऊन तीनच आठवडे झाले होते. त्यानं दोन ओळी लिहिल्या: "माझ्या लॅपटॉपचं घड्याळ मागे पडतं. दोन दिवसांत दोन सेकंद. काय करता येईल?" मी चार मिनिटांत उत्तर दिलं. वेळ मला आठवते, कारण नंतर मी ती नोंद किती तरी वेळा उघडून पाहिली आहे. "हा प्रश्न इथला नाही. संगणकाच्या एखाद्या समूहात विचारा." आणि प्रश्न बंद.

तो गेला आणि विचारून आला. तिथल्या लोकांनी त्याला चांगली वागणूक दिली, आणि त्यांच्या दृष्टीनं उत्तरही बरोबर दिलं: आतला सीआर २०३२ सेल बदला, आणि दोन सेकंदांनी काही बिघडत नाही, नेट लागलं की घड्याळ आपोआप जुळतं. त्यानं सेल बदलला. पण तो सेल लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. चालू लॅपटॉपचं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं, आणि दिवसाला सेकंदभर सरकणं त्या स्फटिकाला सहज जमतं. सेल नवा असो की जुना.

नऊ दिवसांनी एका लघुग्रहानं एक तारा झाकला. ताऱ्याच्या उजेडात लघुग्रहाची सावली पृथ्वीवरून धावते. त्या रात्री ती सेकंदाला साधारण १२ किलोमीटर वेगानं जाणार होती. वेगवेगळ्या जागी उभे असलेले निरीक्षक तारा गेला कधी, परत दिसला कधी, एवढंच टिपतात. प्रत्येकाकडून त्या लघुग्रहाची एक जीवा, म्हणजे त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंतची एक सरळ रेघ, मिळते, आणि जीवा एकमेकींशेजारी मांडल्या की आकार दिसतो. १० मार्च १९७७ ला युरेनसची कडी अशाच एका पिधानात सापडली होती. मुख्य झाकणीच्या आधी आणि नंतर तारा थोडा थोडा वेळ मंदावला म्हणून. काळ बरोबर टिपणं हेच आमचं सगळं काम आहे. चौघांपैकी एकाला ढग आले, दोघं सावलीच्या दक्षिण बाजूला होते. उत्तरेला एकटा तो होता. नेटवर्क नसलेल्या माळावर, दीड दिवस आधीपासून जाऊन थांबलेला.

त्याचं चित्रण अप्रतिम होतं. तारा लख्ख, मग काही नाही, मग पुन्हा लख्ख. मी जीवा मांडायला घेतल्या आणि त्याची जीवा बाकीच्या दोघांपासून वीसेक किलोमीटर सरकलेली दिसली. लांबी पटण्यासारखी होती, जागा नव्हती. घड्याळ सबंध रात्र सारखंच मागे असेल तर असंच होतं. मी त्याला फोन केला आणि विचारलं, त्या रात्री घड्याळ नक्की किती मागे होतं?

"आता बरोबर आहे, ताई."

घरी आल्याबरोबर लॅपटॉप नेटला जोडला गेला होता आणि घड्याळानं स्वतःला जुळवून घेतलं होतं. चूक किती होती, याचा माग उरला नव्हता. बाकीच्या दोन जीवांशी जुळेल अशी त्याची जीवा मला सरकवता आली असती. पण मग ते निरीक्षण राहत नाही, ती आपली इच्छा होते. मी नोंदीत लिहिलं: वेळ विश्वासार्ह नाही. लघुग्रहाची उत्तर बाजू कोरी राहिली. तोच तारा, तोच लघुग्रह पुन्हा जुळून येणार नाहीत.

त्याला हवं होतं ते उत्तर आमच्यातल्या निम्म्या लोकांना पाठ होतं. एनटीपी, म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवायची १९८५ पासूनची पद्धत, तिचा प्रोग्राम टाकायचा. तो दर थोड्या वेळानं घड्याळ तपासतो आणि फरक किती आहे याची नोंद फाइलमध्ये ठेवतो. नेटवर्क नसेल तिथे जीपीएसचा दर सेकंदाचा ठोका वापरायचा. हे सगळं लिहायला मला पाच मिनिटं लागली असती. तो प्रश्न संगणकाचा होता हे खरं. पण त्याचं बरोबर उत्तर संगणकवाल्यांकडे नव्हतं, कारण त्यांच्या जगात दोन सेकंद म्हणजे काहीच नाही.

त्यानं कशासाठी ते लिहिलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. लिहायला हवं होतंच. पण मीही विचारलं नाही, आणि नव्या माणसाला आपल्या प्रश्नातलं महत्त्वाचं काय हे कळत असतं तर त्यानं विचारलं तरी कशाला असतं? मी तेव्हा नव्या सभासदांना १९९५ च्या आरएफसी १८५५ मधला, म्हणजे इंटरनेटवर कसं वागावं याच्या मार्गदर्शिकेतला, शिष्टाचाराचा नियम ऐकवायचे: लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा. नियम शहाणा आहे. त्या मुलाच्या हातात नऊ दिवस होते.

त्यानंतर मी दार सताड उघडलं. काहीही विचारा म्हटलं. दोन महिन्यांत प्रिंटर, फोनची बॅटरी आणि वायफाय यांच्या प्रश्नांत पिधानांचे प्रश्न शोधावे लागायला लागले. तीस वर्षं आकाश बघणारे एक गृहस्थ न सांगता निघून गेले. त्यांना मी अजून परत आणू शकलेले नाही. मग 'इतर तांत्रिक' म्हणून वेगळा कोपरा केला. तिथे विचारणारे जायचे, जाणकार फिरकायचे नाहीत. महिना-दीड महिन्यात तोही ओस पडला.

तर आता माझं उत्तर हे. उत्तर चुकलं तर तुमचं निरीक्षण बिघडणार असेल, तर प्रश्न आमच्याकडे आणा, यंत्र कुठलंही असो. लॅपटॉप सुरूच होत नाही, फाइल परत मिळत नाही, हे सुपर यूजर या संगणकाच्या प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटसारख्या ठिकाणी विचारा. तिथे चुकीचं उत्तर दिलं तर हटकणारे लोक आहेत. दोन्हीकडे एक ओळ जास्त लिहा: कशासाठी हवं आहे.

ही रेघही मला दरवेळी नीट ओढता येत नाही. गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एकानं विचारलं, "यूएसबीची केबल पाच मीटरपेक्षा लांब घेतली तर चालेल का?" कॅमेऱ्यासाठी असेल तर चित्रण मध्येच तुटू शकतं आणि प्रश्न आमचा आहे. प्रिंटरसाठी असेल तर नाही. मी खाली "कशासाठी?" एवढंच लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही. प्रश्न अजून उघडा ठेवला आहे.