रावेन्ना: सम्राट पुढे की बिशप?

रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म राजमान्य झाल्यावर शेवटचा शब्द सम्राटाचा की बिशपचा, हा प्रश्न घेऊन मी यंदा इटलीतील मिलान आणि रावेन्ना पाहून आलो. मिलानच्या संत अँब्रोजच्या चर्चमध्ये तळघरात, दोन हुतात्म्यांच्या मधोमध, या बिशपचा सांगाडा उंची वस्त्रांसह ठेवलेला आहे. सम्राटाच्या सैनिकांनी थेसालोनिकी शहरात केलेल्या कत्तलीनंतर, इ.स. ३९० मध्ये, प्रायश्चित्त घेतल्याशिवाय आपण सम्राटासमोर पवित्र विधी करणार नाही, असे त्याने थिओडोसियसला लिहून कळवले आणि सम्राटाने ते मान्य केले. चर्च दुपारी काही वेळ बंद असते, म्हणून सकाळीच जावे.

रावेन्नाला बोलोन्याहून रेल्वेने जाता येते आणि स्थानकापासून सान व्हिताले हे चर्च चालत गाठता येते. मुख्य स्मारकांचे एकत्रित तिकीट मिळते. गाला प्लासिडिया या सम्राज्ञीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाधीसाठी मात्र वेळ आधी राखून ठेवावी. लहान दुर्बीण जरूर न्यावी, कारण खरी गोष्ट, म्हणजे रंगीत तुकड्यांची मोझेक चित्रे, भिंतीवर उंच आहे.

इ.स. ५४७ मध्ये पवित्र केलेल्या सान व्हितालेत, वेदीकडे तोंड करून उभे राहिल्यास डावीकडच्या मोझेकमध्ये कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट जस्टिनियन दिसतो. तो स्वतः रावेन्नाला कधीही आला नाही. पण ५४० मध्ये त्याच्या सैन्याने शहर घेतले आणि त्यानेच नेमलेल्या मॅक्सिमियन या बिशपला आरंभी रावेन्नाच्या लोकांनी स्वीकारले नव्हते. त्या चौकटीत नाव कोरले आहे ते एकट्या मॅक्सिमियनचेच. सम्राटाच्या हातात सोन्याचे तबक आहे, त्याच्या मागे ख्रिस्ताची आद्याक्षरे असलेली ढाल घेतलेले सैनिक आहेत, आणि वर पाहिले तर सम्राट पुढे, पण पायांकडे पाहिले तर बिशप पुढे. मी पाऊण तास उभा होतो आणि उत्तर मिळाले नाही. माझ्या मते कारागिराने ते मुद्दामच दिलेले नाही.

संत अपोलिनारे नुओव्होमध्ये मात्र सत्तेने उत्तर दिले आहे. हे चर्च एरियन पंथाच्या (ख्रिस्ताला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) थिओडोरिक या गॉथ राजाने बांधले. पुढे पूर्वेकडील, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या, सत्तेखाली त्याच्या राजवाड्याच्या मोझेक चित्रातील माणसे काढून तिथे पडदे बसवले गेले. वेदीकडे तोंड करून उजव्या भिंतीच्या मागच्या टोकाला पाहा: खांबांवर त्या माणसांचे काही हात अजून शिल्लक आहेत.