टर्नबेरीचा शेवटचा पट आणि शहर आवृत्तीचे पान

१९ जुलै २००९ हा रविवार होता. त्या काळी मी एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात उपसंपादक होतो आणि रविवारची रात्रपाळी माझ्याकडे असे. त्या दिवशीचा लीड, म्हणजे पानावरची मुख्य बातमी, संध्याकाळीच ठरून गेला होता. लॉर्ड्सवर अ‍ॅशेस मालिकेतील दुसऱ्या कसोटीचा चौथा दिवस चालू होता आणि ५२२ धावांच्या लक्ष्यासमोर पाच गडी गमावल्यावर क्लार्क व हॅडिन यांनी ऑस्ट्रेलियाचा डाव धरून ठेवला होता. गोल्फला आमच्या पानावर एरवी खालच्या कोपऱ्यातील एक कॉलम मिळत असे. त्या रात्री मात्र मी त्याच्यासाठी चार कॉलमांची जागा मागून घेतली होती, कारण स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर टर्नबेरी येथे १३८व्या ओपन चॅम्पियनशिपच्या शेवटच्या दिवशी एकोणसाठ वर्षांचा अमेरिकन गोल्फपटू टॉम वॉटसन आघाडीवर खेळत होता.

गोल्फ न पाहणाऱ्या वाचकाला या गोष्टीचे मोल कसे सांगावे, हा प्रश्न मला त्या आठवड्यात रोज पडत होता. गोल्फमध्ये चार स्पर्धांना मेजर म्हणतात आणि ओपन ही त्यांतील सर्वांत जुनी. चार दिवस, रोज अठरा होल, आणि ज्याला एकूण सर्वांत कमी फटके लागतात तो विजेता. मेजर जिंकणाऱ्यांत त्या वेळी सर्वांत वयस्कर होता ज्युलियस बोरॉस. १९६८ची पीजीए चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. ओपनपुरते बोलायचे, तर ओल्ड टॉम मॉरिसने १८६७ साली ४६व्या वर्षी मिळवलेले विजेतेपद हाच विक्रम तेव्हा १४२ वर्षे टिकून होता. आणि इथे वयाची साठी दीड महिन्यावर आलेला, नऊ महिन्यांपूर्वीच कमरेचा सांधा बदलून घेतलेला माणूस पहिल्या दिवशी ६५, दुसऱ्या दिवशी ७० आणि तिसऱ्या दिवशी ७१ फटके घेऊन एका फटक्याने पुढे होता. शिवाय मैदान टर्नबेरीचे. याच मैदानावर १९७७ साली वॉटसन आणि जॅक निकलॉस यांच्यात चार दिवस झुंज चालली होती; पहिल्या तीन फेऱ्यांत दोघांचे आकडे तंतोतंत सारखे, शेवटच्या फेरीत वॉटसन ६५ आणि निकलॉस ६६. तिसरा आलेला खेळाडू निकलॉसच्याही दहा फटके मागे होता. त्या झुंजीचेच नाव पुढे या मैदानाच्या अठराव्या होलला देण्यात आले. बत्तीस वर्षांनी तोच खेळाडू त्याच होलकडे विजेतेपद मागण्यासाठी चालत येत होता.

डाक आवृत्तीचे पान अर्थातच त्याआधी सोडावे लागले. तालुक्यांना जाणाऱ्या गाड्या कोणासाठी थांबत नाहीत. त्या आवृत्तीत ‘वॉटसन विजेतेपदाच्या उंबरठ्यावर’ असा मथळा गेला. तो लावला त्या घटकेला खरा होता, पण सकाळी वाचकाच्या हाती पडेल तेव्हा तो खरा असेल की नाही हे ठाऊक नसताना पान सोडणे मला कधीच सोपे गेले नाही.

शहर आवृत्तीला अजून वेळ होता. मी निकालाआधीच पान लावून ठेवले: मधोमध वॉटसनचे छायाचित्र, शेजारी चौकटीत १९७५, १९७७, १९८०, १९८२ आणि १९८३ ही त्याची पाच ओपन विजेतेपदे, आणि वर मथळा, ‘साठीच्या उंबरठ्यावर सहावे ओपन’. आमच्या मुद्रितशोधक काकांनी त्याची प्रत वाचायला घेतली. त्यांच्या निवृत्तीला वर्षही उरले नव्हते. गोल्फ त्यांनी कधी पाहिले नव्हते, पण प्रत हातात धरून ते टीव्हीसमोर येऊन उभे राहिले आणि मग जागचे हललेच नाहीत.

पडद्यावर एकेक नाव गळत होते. काही काळ आघाडीवर असलेल्या रॉस फिशरने पाचव्या होलवर आठ फटके घालवले. ली वेस्टवूडने अठराव्या होलवर फेअरवेमधील, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यातील, वाळूच्या बंकरमधून अप्रतिम फटका मारून चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, आणला. पण वॉटसन मागून येत होता, तेव्हा बर्डी (पार म्हणजे होलसाठी ठरलेले फटके, त्यापेक्षा एक कमी) हवीच या हिशेबाने त्याने पहिला पट, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलकडे घरंगळवण्याचा फटका, जोरात मारला आणि एकूण तीन पट घेऊन तो बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त, करून बसला. स्ट्युअर्ट सिंकने मात्र त्याच ग्रीनवर बारा-पंधरा फुटांवरून बर्डी केली होती आणि पारपेक्षा दोन फटके कमी अशा गुणसंख्येवर तो आपला खेळ संपवून थांबला होता. सतराव्या होलवर बर्डी करून वॉटसन त्याच्याही एक पुढे गेला. म्हणजे अठराव्यावर नुसता पार, चार फटके, एवढेच त्याला हवे होते.

पहिला फटका सरळ फेअरवेवर गेला. दुसरा त्याने आठ नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी तोंडाच्या काठीने, मारला. फटका इतका स्वच्छ होता की मी खुर्चीतून उठलो. चेंडू ग्रीनवर पडला, धावत राहिला आणि मागच्या बाजूने ग्रीनच्या बाहेर जाऊन थांबला. चुकलेला फटका म्हणावा असे त्यात काहीही नव्हते. किनाऱ्यावरची जमीन कठीण असते आणि तिथे चेंडू कुठे पडतो यापेक्षा पडल्यावर किती धावतो हे महत्त्वाचे ठरते. ग्रीनबाहेरूनही त्याने पटरच, म्हणजे पट मारायची काठीच, वापरला. चेंडू होलच्या पुढे सुमारे आठ फूट गेला.

“आता हा आत गेला की झालं?” काकांनी विचारले.

“हो काका. हा गेला की हेच पान जाईल.”

“आणि नाही गेला तर?”

मी उत्तर दिले नाही. वॉटसनने फार वेळ घेतला नाही. पट त्याच्या हातून नीट बसलाच नाही. टीव्हीवर पाहणाऱ्यालाही तो निघताक्षणी कळले की हा जाणार नाही. काकांनी हातातली प्रत माझ्या टेबलावर पालथी ठेवली.

दोघांची बरोबरी झाल्याने चार होलांचा प्लेऑफ झाला. पाचवा, सहावा, सतरावा आणि अठरावा हे होल खेळायचे आणि एकूण फटके मोजायचे. तिथे चुरस उरली नाही. बहात्तर होल ज्या पायांनी त्याला पेलले होते ते थकलेले दिसत होते. सतराव्याला त्याचा चेंडू दाट गवतात गेला आणि पाच फटक्यांच्या होलला त्याला सात लागले. सिंकने चार होल १४ फटक्यांत पूर्ण केले, वॉटसनला २० लागले. मूळ स्पर्धेत दोघांचेही २७८ आणि प्लेऑफमध्ये सहा फटक्यांचे अंतर. पान लावताना हे दोन आकडे शेजारी शेजारी आले की वाचकाला विजय सहज झाल्यासारखा वाटतो, म्हणून मी ते एका वाक्यात येऊ दिले नाहीत.

मध्यरात्र जवळ आली होती आणि मथळा नव्याने करायचा होता. क्रीडा संपादकांचा घरून फोन आला. छायाचित्र वॉटसनचेच राहू दे, लोकांना त्याचीच गोष्ट वाचायची आहे, असे ते म्हणाले आणि ते चूक नव्हते. पण स्पर्धा सिंकने जिंकली होती. विजेत्याचे नाव दुसऱ्या ओळीत ढकलणे मला पटत नव्हते आणि हरलेल्याचे नाव गाळणे हेही खोटेच झाले असते. शेवटी ‘सिंक ओपन विजेता, वॉटसनचे सहावे विजेतेपद आठ फुटांवर हुकले’ असा मथळा गेला. ओळ लांब झाली आणि टाइप दोन पॉइंटांनी खाली आणावा लागला. पत्रकार परिषदेत सुतकी चेहरे पाहून वॉटसन म्हणाला होता, ही काही अंत्ययात्रा नाही. ते वाक्य मी चौकटीत घेतले आणि पाच विजेतेपदांची यादी काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, तरी मी संध्याकाळी कचेरीत गेलो. डाक आवृत्तीच्या वाचकाला निकाल अजून मिळालेला नव्हता. त्याच्यासाठी बातमी पुन्हा द्यायची होती आणि ती मलाच लिहायची होती. शहर आवृत्तीचे पान सकाळपासून तीनदा वाचल्यावर माझ्या ध्यानात आले होते की त्यात सिंकविषयी चार ओळीसुद्धा नाहीत. छत्तीस वर्षांच्या या खेळाडूचे हे पहिलेच मेजर. २००१च्या अमेरिकन ओपनमध्ये शेवटच्या ग्रीनवर जेमतेम दीड फुटाचा पट हुकल्याने प्लेऑफ खेळण्याची त्याची संधी एका फटक्याने गेली होती. तोच माणूस आठ वर्षांनी पुन्हा एका मेजरच्या शेवटच्या ग्रीनवर उभा होता, मागे सगळे मैदान वॉटसनसाठी श्वास रोखून होते, आणि त्याने बारा-पंधरा फुटांचा पट आत घातला. तो गेला नसता, तर वॉटसनचा आठ फुटांचा पट हुकूनही सहावे ओपन त्याचेच झाले असते.

सोमवारी रात्री निघालेल्या डाक आवृत्तीत गोल्फला एकच कॉलम मिळाला. बातमीची सुरुवात मी सिंकच्या त्या पटापासून केली आणि वॉटसनला दुसऱ्या परिच्छेदात आणले. काकांनी प्रत वाचली, ‘टर्नबेरी’तल्या एका अक्षराची वेलांटी दुरुस्त केली आणि सही करून पान सोडायला दिले.