वजन बाळाचं झालं, आता आईची झोप विचारा

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या. या पद्धतीचं मूळ गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या कामात. बाळाचं वजन, ताप, नाळ पाहिली जाते. आईचं मन मात्र राहून जातं, कारण सासूबाई शेजारीच बसलेल्या असतात. म्हणून तिला एकटीला गाठा. ‘बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?’ एवढंच विचारा. आईचं सुरुवातीचं रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी राहिली, तर आरोग्य केंद्रात न्या. जीव नकोसा झालाय म्हणाली, तर क्षणभरही एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.